फिरत्या स्टील गिटारवादकाचे आसन : एका उपयोजित रचनेची चिकित्सा

प्रस्तावना

संगीताच्या अभ्यासात वाद्य, वादक, रचना आणि श्रोता यांचा विचार विस्ताराने होतो. वादक ज्यावर बसतो त्या आसनाचा विचार मात्र क्वचितच केला जातो. आसन ही वादनाच्या बाहेरची, केवळ सोयीची वस्तू आहे, असे गृहीत धरले जाते. बहुतेक वाद्यांच्या बाबतीत हे गृहीतक फारसे अडचणीचे ठरत नाही. अमेरिकेत विकसित झालेल्या पेडल स्टील गिटारच्या बाबतीत ते टिकत नाही. या वाद्याच्या वादकाला दोन्ही हात, दोन्ही पावले आणि दोन्ही गुडघे एकाच वेळी वापरावे लागतात. तो गावोगावी फिरून वादन करीत असेल, तर वाद्याबरोबर बरेच सुटे साहित्यही वाहून न्यावे लागते. बसणे, साठवणे आणि वाहून नेणे या तीन गरजांतून एक लहानशी वस्तू तयार झाली. आत साहित्य ठेवण्याची जागा असलेले हे सुटसुटीत आसन वादकांच्या बोलण्यात 'पॅक-अ-सीट' म्हणून ओळखले जाते. प्रस्तुत विवेचनात त्यास 'आसनपेटी' असे म्हटले आहे. या वस्तूची रचना तिच्या तिन्ही उद्दिष्टांना कितपत न्याय देते, याची चिकित्सा येथे केली आहे.

वाद्याचा विकास आणि आसनाचा प्रश्न

गिटारच्या तारांवर पोलादी तुकडा सरकवून वादन करण्याच्या पद्धतीचे श्रेय सामान्यतः हवाई बेटांवरील जोसेफ केकुकू (१८७४–१९३२) यांना दिले जाते. १९१५ साली सॅन फ्रान्सिस्को येथे भरलेल्या पनामा-पॅसिफिक प्रदर्शनानंतर हवाईयन संगीताची लोकप्रियता अमेरिकेच्या मुख्य भूमीवर झपाट्याने वाढली. या टप्प्यावर गिटार मांडीवर आडवी ठेवून वाजविली जात असे. १९३० च्या दशकाच्या प्रारंभी जॉर्ज बोशां यांच्या कल्पनेतून विद्युत् स्टील गिटार तयार झाली, तरीही वाद्य मांडीवरच राहिले. अशा वादकाला कोणतीही हात नसलेली साधी खुर्ची पुरेशी होती आणि ती प्रत्येक सभागृहात उपलब्ध असे.

पुढे एकाहून अधिक मानांची वाद्ये आली. त्यांचे वजन मांडीला पेलवेना, म्हणून वाद्याला स्वतःचे पाय लागले. त्यानंतर पेडल्स आली. पॉल बिग्जबी यांनी १९४८ साली स्पीडी वेस्ट यांच्यासाठी पेडल असलेले वाद्य बनविले. १९५४ साली प्रसिद्धीस आलेल्या वेब पिअर्स यांच्या 'स्लोली' या गीतात बड आयझॅक्स यांनी वाजत असलेल्या सुरांची उंची पेडलने बदलली आणि कंट्री संगीतातील स्टील गिटारचा पुढील मार्ग निश्चित झाला. त्यानंतर गुडघ्यांनी ढकलावयाच्या तरफाही वाद्याच्या खालच्या बाजूस बसविल्या गेल्या. दहा तारांच्या ई-नाइन रचनेत तीन पेडल्स आणि चार-पाच तरफा असणे आता सर्वसामान्य मानले जाते.

या विकासक्रमाचा आसनाच्या दृष्टीने अर्थ महत्त्वाचा आहे. मांडीवरून वाद्य उतरले तेव्हा वादकाचे पाय मोकळे झाले. परंतु लगेचच ते वाद्याच्या कामी जुंपले गेले. डावे पाऊल पेडल्सवर फिरते, उजवे पाऊल व्हॉल्यूम पेडलवर असते आणि गुडघे डावीकडे, उजवीकडे व वर हलतात. सामान्य माणूस खुर्चीवर बसतो तेव्हा त्याच्या शरीराचा काही भार पावलांमधून जमिनीवर जातो आणि तोल सावरण्याचे कामही पावलेच करतात. पेडल स्टीलच्या वादकाला हा आधार भरवशाने मिळत नाही. त्याचा तोल जवळजवळ सर्वस्वी आसनावर अवलंबून असतो. आसनपेटीच्या कोणत्याही मूल्यमापनाचा आरंभ या वस्तुस्थितीपासून व्हावयास हवा.

भारतीय स्लाइड गिटारशी तुलना करता हा मुद्दा अधिक स्पष्ट होतो. हवाईयन वादक ताऊ मो १९४० च्या दशकात काही वर्षे कोलकात्यात वास्तव्यास होते. मुंबईच्या चित्रपटसंगीतात व्हॅन शिप्ले यांनी हवाईयन गिटार रुजविली. १९६७ च्या 'कॉल ऑफ द व्हॅली' या ध्वनिमुद्रिकेत ब्रिजभूषण काब्रा यांनी, तर पुढे मोहनवीणेच्या द्वारे विश्वमोहन भट्ट यांनी या वादनपद्धतीला रागसंगीतात स्थान मिळवून दिले. मूळ एकच असले तरी भारतीय शास्त्रीय वादक बैठकीवर मांडी घालून बसतो. पायांकडे वादनाचे कोणतेही काम नसल्याने येथे आसनाचा प्रश्न उद्भवतच नाही. आसनपेटीची गरज स्टील गिटार या वाद्यप्रकाराची नसून पेडल्सची आहे, हे यावरून दिसते.

तीन गरजांमधील अंतर्विरोध

आसनपेटीकडून अपेक्षित असलेल्या तीन कार्यांची परिमाणे परस्परांना छेद देणारी आहेत.

पहिली गरज बसण्याची. आसनाची उंची वादकाच्या इच्छेवर नसून वाद्याच्या तळाकडील उंचीवर ठरते. आसन फार उंच असेल तर मांड्या तरफांना लागतात. फार बुटके असेल तर हात वर उचलून वाजवावे लागते आणि खांदे आखडतात. आसनाची पुढून मागे असलेली खोली कमी असणेही आवश्यक आहे, कारण पुढची कड मांडीखाली दूरवर आली तर गुडघा वर उचलून तरफ दाबणे कठीण होते. हात आणि रुंद पाठ असलेली खुर्ची यासाठीच निरुपयोगी ठरते.

दुसरी गरज साठवणुकीची. पेटीत व्हॉल्यूम पेडल, पाव किलोच्या आसपास वजनाचा पोलादी बार, नख्या, तारांचे संच, ट्यूनर, स्वर जुळविण्याची किल्ली, विद्युत् तारा आणि ध्वनिपरिणामांची उपकरणे ठेवावयाची असतात. यांपैकी व्हॉल्यूम पेडल आकाराने सर्वांत मोठे असल्याने पेटीचे किमान माप तेच ठरविते. साठवणुकीसाठी पेटी खोल, रुंद आणि चौकोनी असणे सोयीचे. वादनासाठी ती अरुंद असणे सोयीचे.

तिसरी गरज वाहतुकीची. येथे साधे गणित उद्बोधक ठरते. ४५ सेंमी लांब, ३० सेंमी रुंद व ३० सेंमी खोल अशा बंद पेटीच्या सहा बाजूंचे क्षेत्रफळ ०.७२ चौरस मीटर भरते. १२ मिमी जाडीच्या बर्च प्लायवूडचे वजन दर चौरस मीटरला सुमारे ८ किलो धरले, तर रिकाम्या पेटीचेच वजन पावणेसहा किलोच्या घरात जाते. जाडी ९ मिमी केल्यास ते साडेचार किलोच्या जवळ येते. आतील साहित्य सहा किलो धरले, तर एका हातात दहा ते बारा किलो वजन येते. दुहेरी मानेचे वाद्य पेटीसह ३० किलोच्या आसपास असते आणि फेंडर ट्विन रिव्हर्बसारखा ॲम्प्लिफायर सुमारे २९ किलोचा. म्हणजे आसनपेटी ही वादकाची तिसरी फेरी आहे. गाडीपासून रंगमंचापर्यंतची एक खेप वाचावी म्हणून निर्माण झालेली वस्तू स्वतःच एक खेप बनली, तर तिचा हेतू निम्मा पराभूत होतो.

प्रचलित प्रकारांचे मूल्यमापन

प्रचारातील आसनांचे स्थूलमानाने चार प्रकार करता येतात.

पहिला प्रकार पाय नसलेल्या भरीव पेटीचा. वरचे गादीदार झाकण उघडले की आत सामान. ही पेटी मजबूत असते, करकरत नाही आणि साध्या सुतारकामातून घरीही तयार होते. परंतु तिची उंची कायमची ठरलेली असते. वाद्याचे पाय कमी-जास्त करता येतात, आसन मात्र जागचे हलत नाही. शिवाय बसण्याची संपूर्ण उंची पेटीच्या भिंतींनी भरून काढावी लागत असल्याने वजन वाढते आणि आतील बरीच जागा रिकामी राहते.

दुसरा प्रकार सुट्या पायांच्या उथळ पेटीचा. पेटीच्या तळाशी बसविलेल्या आट्यांत चार पाय पिळून लावले जातात. पाय किंचित बाहेर कललेले असल्यास आधाराचा पाया पेटीच्या तळापेक्षा मोठा होतो आणि गुडघ्याने बाजूला जोर दिला तरी आसन डळमळत नाही. हा या रचनेचा सर्वांत मोठा गुण. वारंवार लावण्या-काढण्याने आटे झिजतात, हा तिचा दोष. झिजलेल्या आट्यांचे आसन हळूहळू डुलू लागते आणि ते डुलणे थेट गुडघ्याच्या तरफेपर्यंत पोहोचते.

तिसरा प्रकार कीबोर्डवादकांच्या इंग्रजी 'एक्स' आकाराच्या घडीच्या बाकाचा. त्याखाली कापडी झोळी टांगली जाते. वजन व किंमत या दोन्ही दृष्टींनी तो सरस आहे, उंचीही बदलता येते. परंतु व्हॉल्यूम पेडलसारखी जड वस्तू झोळीत लोंबकळते आणि घडी करण्यापूर्वी सर्व सामान बाहेर काढावे लागते. साठवण आणि वाहतूक ही दोन कार्ये येथे एकत्र येतच नाहीत.

चौथा प्रकार ड्रमवादकाच्या गोल तिपाई आसनाचा. बसण्यासाठी तो उत्तम मानला जातो. पण तो फिरतो. ड्रमवादकाला फिरणे उपयुक्त आहे. पेडल स्टीलच्या वादकाने गुडघा उजवीकडे ढकलला की फिरते आसन त्याला डावीकडे वळविते. साठवणुकीचा प्रश्न तर अनुत्तरितच राहतो.

या चारही प्रकारांत एक समान उणीव आढळते. झाकणाच्या पेटीत साहित्य वादकाच्या खाली असते, म्हणजेच तो बसलेला असताना ते त्याला मिळत नाही. ई-नाइन रचनेतील तिसरी तार अतिशय बारीक व ताणलेली असल्याने ती वारंवार तुटते. ती कार्यक्रमाच्या मध्यात तुटली तर नवी तार आसनाच्या आत आणि वादक आसनावर, अशी विचित्र अवस्था होते. उठल्याशिवाय झाकण उघडत नाही. घरातील पियानोच्या बाकाचे झाकण वर उघडते, कारण त्यातील स्वरलिपीची पुस्तके वादनापूर्वीच बाहेर काढली जातात. त्या बाकाची नक्कल करताना स्टील गिटारवादकाची गरज वेगळी आहे, हे लक्षात घेतले गेले नाही. इंग्लंडमधील स्पर्धक गळकरी ज्या पेटीवर बसतात, तिला बाजूने उघडणारे खण असतात. बसलेल्या माणसाला हात खाली नेऊन गळ मिळतो. स्टील गिटारवादकाच्या आसनाला पियानोच्या बाकापेक्षा गळकऱ्याच्या पेटीचा आदर्श अधिक जवळचा आहे.

सिद्धान्ताच्या कसोटीवर

डॅनिश शल्यविशारद आ. सी. मांडाल यांनी काटकोनातील बैठक कमरेला घातक असल्याचे सांगून पुढे उतरत्या, उंच आसनाचा पुरस्कार केला. गॅलन क्रान्झ यांनी 'द चेअर' (१९९८) या ग्रंथात खुर्चीच्या सांस्कृतिक इतिहासाबरोबरच तिच्या शारीरिक दुष्परिणामांची चर्चा केली आहे. ही मांडणी येथे जशीच्या तशी लागू करता येत नाही. उतरत्या आसनावरून शरीर पुढे घसरू नये म्हणून पावलांनी जमिनीला रेटा द्यावा लागतो आणि नेमकी पावलेच येथे मोकळी नाहीत. उंची वाढविण्यास वाद्याच्या तळाची मर्यादा आहे. त्यामुळे सपाट बैठक, गोलवलेली पुढची कड आणि दबून न जाणारा घट्ट फोम एवढेच स्वातंत्र्य रचनाकाराला उरते. मऊ गादी विकताना आकर्षक वाटते. परंतु तासाभरात ती दोन-तीन सेंमी दबली, तर वादकाने सुरुवातीला साधलेली उंचीच बदलून जाते.

चार्ल्स व रे ईम्स यांनी १९५८ च्या भारतविषयक अहवालात लोट्याचा गौरव केला होता. अनेक पिढ्यांच्या अनामिक हातांनी घडविलेली वस्तू कोणत्याही एका रचनाकाराच्या आवाक्याबाहेर असते, असा त्यांच्या मांडणीचा आशय होता. आसनपेटीही अशाच अनामिक, वादकांनी स्वतः केलेल्या दुरुस्त्यांतून घडत आलेली आहे. तथापि लोट्याला शतकांचा अवकाश मिळाला. आसनपेटीचे वय एका माणसाच्या आयुष्याएवढेच आहे. अनामिक परंपरेविषयीचा आदर तिच्या दोषांवर पांघरूण घालण्यास पुरेसा नाही.

कायद्याच्या दृष्टीनेही ही वस्तू अधांतरी आहे. अमेरिकेत २०१२ च्या कायद्याने विमानप्रवासात वाद्यांना संरक्षण दिले. विमानाच्या पोटात ठेवावयाच्या वाद्यासाठी १६५ पौंड वजनाची व लांबी, रुंदी, उंची मिळून १५० इंचांची मर्यादा घालून दिली. हे संरक्षण वाद्याला आहे. आसन हे वाद्य नसल्याने ते सामान्य सामान ठरते. ज्या आसनावाचून पेडल्स नीट दाबता येत नाहीत, ते वाद्याचा भाग नव्हे काय, हा प्रश्न म्हणूनच केवळ तात्त्विक राहत नाही.

समारोप

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात. आसनपेटीच्या तीन कार्यांना समान महत्त्व देणे ही रचनेतील मूलभूत चूक आहे. बसणे हे प्रधान कार्य, वाहणे दुय्यम आणि साठवणे गौण, असा क्रम स्वीकारल्यास अनेक अंतर्विरोध सुटतात. उथळ, पातळ प्लायवूडची पेटी, बाहेर कललेले व उंची बदलता येणारे चार पाय, आटे झिजल्यावर बदलता येतील असे धातूचे तुकडे आणि उजव्या हाताला उघडणारा एक खण, अशी रचना उपलब्ध प्रकारांपेक्षा अधिक समर्थनीय ठरते. तिच्यात सामान कमी मावेल. पण जे साहित्य तिच्यात मावत नाही, त्यातील बरेचसे वाद्याच्या पेटीतच ठेवता येते.

एका वस्तूत अनेक कार्ये सामावणे हा रचनेचा गुण मानण्याची प्रवृत्ती सर्वत्र दिसते. आसनपेटीचे उदाहरण या प्रवृत्तीची मर्यादा दाखविते. पेटी किती सामान घेते हे दुकानात सहज मोजता येते. तिच्यावर चार तास बसून वाजविल्यानंतर वादकाच्या कमरेचे काय होते, हे तेथे मोजले जात नाही. जे सहज मोजता येते त्याच्याच आधारे वस्तू सुधारली जाते आणि त्याची किंमत शरीर चुकविते. वाद्यरचनेच्या अभ्यासात आसनाला स्थान देण्याचे खरे कारण हेच आहे.