जिराफ अंगणवाडीत, बिबट्या बांधावर

शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर अंगणवाडीच्या भिंतीवर जिराफ हमखास भेटतो. शेजारी झेब्रा, सिंह, कधी तर पेंग्विनसुद्धा. भिंतीपलीकडे तानसा अभयारण्य आहे, माहुलीचे रान आहे. पण तिथला बिबट्या, भेकर, रानपिंगळा भिंतीवर चढत नाही. (रानपिंगळा शतकाहून अधिक काळ कुणाला दिसलाच नाही, नामशेष समजला गेला, १९९७ साली शहाद्याजवळ पुन्हा सापडला आणि २०१४ मध्ये तानसात दिसला. जिराफाने एवढे केले असते तर गावभर मिरवला असता.) बिबट्या दिसतो तो वनखात्याच्या फलकावर, खाली सूचनांची रांग घेऊन. सूचना बरोबर असतात, वाचतो कोण?

हसवून शिकवणारी कलाच नाही, असे नव्हे. नागपूरचे रोहन चक्रवर्ती शिक्षणाने दंतवैद्य. नागझिऱ्यात पाण्यात डुंबणारी वाघीण पाहिली आणि गडी कामातून गेला. त्यांची 'ग्रीन ह्यूमर' ही व्यंगचित्रमालिका २०१० पासून चालू आहे. 'बर्ड बिझनेस' हे शंभर पक्ष्यांच्या वागण्यावरचे पुस्तक २०१९ चे. त्यांचा विनोद प्राण्याच्या खऱ्या सवयीतून निघतो, वरून चिकटवलेला नसतो. हे पथ्य महत्त्वाचे. अमेरिकी व्यंगचित्रकार गॅरी लार्सनच्या एका चित्रात नर डास दिवसभर रक्त पिऊन घरी येतो आणि बायकोशी बोलतो. डासाचे घर, डासाचा संसार, सगळे वाचकांना चालले. पण चावते ती मादी, असे सांगायला त्यांनी पत्रे लिहिली.

मराठी व्यंगचित्राने हे पथ्य फारसे पाळले नाही, कारण त्याला गरजच नव्हती. शि. द. फडणीसांचे १९५२ च्या 'मोहिनी' दिवाळी अंकाचे मुखपृष्ठ आठवा: मांजर आणि उंदीर दोघेही हजर, पण कपड्यांवरची नक्षी म्हणून. चित्र अप्रतिम आहे. प्राणी मात्र माणसाच्या कामाला जुंपलेले.

चक्रवर्तींबद्दल माझी तक्रार वेगळी आहे. त्यांचे बहुतेक काम इंग्रजीत, म्हणून ते ज्याला वाघ दिसावा असे वाटते त्याच्यापर्यंत पोचते. वाघ दिसू नये म्हणून जो रात्री बॅटरी घेऊन निघतो, त्याच्यासाठी कोण काढतो? जनजागृतीच्या चित्रांत तो येतो तो कुऱ्हाड घेऊन, तोंड वासून. समोर इस्त्रीच्या शर्टातला कार्यकर्ता त्याला समजावत असतो. ज्याच्यावर हसायचे त्यानेच शिकायचे, असा हा अजब करार.

खरे तर इथल्या माणसाला कोणी विनोद शिकवायची गरज नाही. सह्याद्रीच्या कुशीतल्या आदिवासी गावांत वाघबारशीच्या सणाला गुराखी पोरे वाघ, कोल्हा, अस्वल होतात आणि बाकीची त्यांना हुसकावतात. वाघोबाला नैवेद्य दाखवायचा आणि त्याच दिवशी त्याची टिंगलही करायची, हे नाते कुठल्याही फलकाहून शहाणे आहे.

हेच शहाणपण चित्रात आणता येते. मण्यार या विषारी सापाचे घ्या. ती रात्री उंदरामागे घरात शिरते आणि जमिनीवर झोपलेल्याला डसते. दंश इतका हलका की माणूस डास समजून कूस बदलतो. पहाटे पोट दुखते, पापण्या जड होतात, आणि घरचे भगताकडे धावतात. आता चित्र असे काढा: मच्छरदाणी अंथरुणाखाली नीट खोचलेली, आत माणूस घोरतोय, बाहेर मण्यार आणि डास एकमेकांच्या गळ्यात पडून रडताहेत. शास्त्र चोख, हसे सापाचे, माणसाचा अपमान नाही. हे लावणीच्या आधी रेशन दुकानात लागले पाहिजे, प्रदर्शनात नव्हे.

आणि एका विषयाला तर कोणी हातच लावत नाही. १८९२ चे तानसा धरण आणि मुंबईला सर्वाधिक पाणी देणारे भातसा, दोन्ही शहापूर तालुक्यात. उन्हाळ्यात टँकर येतो तोही याच तालुक्यातल्या पाड्यांवर. याहून आयता विषय व्यंगचित्रकाराला कुठे मिळणार? पण जनजागृतीचे साहित्य छापले जाते ते अनुदानावर नाहीतर कंपन्यांच्या सीएसआरच्या पैशावर. तिथे बिबट्याशी सलोखा खपतो. टँकरमागे हंडा घेऊन धावणारे भेकर छापणारा प्रायोजक मला तरी दिसत नाही.