ढोल, शब्द आणि श्रोता

१९ मे १९६८ रोजी, माल्कम एक्सच्या जन्मदिनी, न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीतील एका उद्यानात काही तरुण कृष्णवर्णीय कवी जमले आणि ‘द लास्ट पोएट्स’ हा कविसमूह जन्माला आला. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येला तेव्हा जेमतेम दीड महिना लोटला होता. समूहाने आपले नाव केओरापेत्से खोसित्सिले या दक्षिण आफ्रिकी कवीच्या कवितेवरून घेतले. शब्दांचा काळ संपत आला असून यापुढे शस्त्रेच बोलतील, असा त्या नावामागचा भाव होता. शब्दावरचा हा अविश्वास शब्दांतूनच व्यक्त करणे, हा या काव्यप्रकाराचा मूळ ताण आहे.

१९७० साली निघालेल्या त्यांच्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेत कोंगा ढोलाखेरीज जवळजवळ काही नाही. एक आवाज पुढे जातो, दुसरे त्याला झेलतात. कृष्णवर्णीयांच्या प्रार्थनामंदिरातील धर्मोपदेशकाची आणि भाविकांची ही जुनी रीत येथे ऐहिक संतापाच्या कामी येते. विशेष असे की, या संतापाचा रोख केवळ गोऱ्या सत्तेकडे नाही. क्रांतीच्या गप्पा मारून तिला भिणाऱ्या स्वजनांना हे कवी अधिक कठोरपणे फटकारतात.

गिल स्कॉट-हेरन याने हाच रोख अधिक सूक्ष्म केला. ‘द रेव्होल्यूशन विल नॉट बी टेलिव्हाइज्ड’ ही त्याची रचना १९७० मध्ये ढोलांच्या साथीने आणि १९७१ मध्ये बास, बासरी व ड्रम्सच्या साथीने ध्वनिमुद्रित झाली. दूरचित्रवाणीवरील तक्रार म्हणून ती पुष्कळदा वाचली जाते. परंतु तिचा खरा आरोपी पडद्यासमोर बसून राहिलेला प्रेक्षक आहे. जाहिरातींचीच भाषा घेऊन कवी नकारांची माळ गुंफतो आणि अखेरीस एकाच होकारावर येऊन थांबतो. श्रोत्याला प्रेक्षकपणातून उठवणे, हाच येथे सबलीकरणाचा अर्थ होतो.

या काव्याच्या मर्यादाही नजरेआड करता येत नाहीत. त्यातील संबोधन बहुधा ‘बंधूं’ना असते, भगिनी त्या सभेत क्वचितच बोलतात. निक्की जिओव्हानी हिने १९७१ मध्ये गॉस्पेल गायकवृंदाच्या साथीने आपल्या कविता ध्वनिमुद्रित केल्या, तेव्हा ही उणीव काही अंशी भरून निघाली. पुढे १९९० च्या दशकात स्कॉट-हेरनच्या त्याच रचनेचे रूपांतर बुटांच्या जाहिरातीसाठी वापरले गेले. ज्या भाषेचा कवीने उपहास केला, तिनेच त्याला गिळले.

मराठी वाचकाला हा प्रांत परका नाही. १९७२ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरने आपले नाव अमेरिकेतील ब्लॅक पँथरवरून घेतले; मात्र उच्चारित कवितेसाठी तिला परक्या दारी जावे लागले नाही. आंबेडकरी जलसे त्याआधी कित्येक दशके वस्त्यावस्त्यांतून हेच कार्य करीत होते. तरीही मराठी समीक्षेने छापील दलित कवितेला जेवढे स्थान दिले, तेवढे जलशाच्या पदाला दिले नाही. पद कागदावर उतरले की डफ गळतो, झेलकरी गळतात, समोरची माणसे गळतात. आणि उरलेल्या शब्दांना ‘प्रचारकी’ ठरवणे सोपे होते. ढोल आणि श्रोता हेही संहितेचेच घटक आहेत, हे मान्य केल्यावाचून हार्लेमच्या काव्याला न्याय मिळणार नाही, आणि शाहिरांच्या पदांनाही नाही.