मुजोर घोड्याच्या तोंडातलं पोलाद

भोपाळच्या बड्या तालाबाच्या बाजूला, बिशनखेडीला, मध्य प्रदेश शासनाची अश्वारोहण अकादमी आहे. अशा ठिकाणी स्पर्धा असली की बहुतेकांचे डोळे अडथळ्याच्या दांड्यांवर असतात. दांडी पडली की हळहळ, टिकली की टाळ्या. जाणकार घोड्याच्या जबड्याकडे पाहतो. लगामाला कोणतं बिट, म्हणजे तोंडातलं कडियाळं, लावलंय, ओठांच्या कडेला किती सुरकुत्या पडल्यात, हनुवटीखालची साखळी कधी ताणते आणि मुख्य म्हणजे कधी सैल सुटते, यावरून घोडा आणि स्वार यांच्यातला सारा व्यवहार त्याला कळतो.

हा व्यवहार चालतो ती जागा जेमतेम चार बोटांची. पुढचे दात आणि दाढा यांच्यामध्ये घोड्याच्या जबड्यात मोकळी हिरडी असते, बिट तिथं बसतं. हिरडीचं अस्तर पातळ, त्याखाली लगेच हाड, आणि मधल्या पोकळीत जीभ ठासून भरलेली. पाचशे किलोंचं जनावर आपण या जागेवरून वळवतो. तिथं काय ठेवायचं हा प्रश्न म्हणूनच ताकदीचा कमी आणि तारतम्याचा जास्त आहे.

घोडा जोरदार निघाला की खोगीरखान्यात पहिला हात कडक बिटाकडे जातो. मला हा क्षण फार अरसिक वाटतो. घोडा ओढतोय, पण का ओढतोय? आपल्याकडच्या रायडिंग स्कूलमध्ये रेसकोर्सवरून आलेले थरोब्रेड बरेच असतात. धावपट्टीवर जॉकी लगाम आखडून धरतो आणि घोडा त्या आधारावर रेलून पळतो. हातात लगाम भरला की पळायचं, हेच तो शिकलेला. आता नवा स्वार घाबरून लगाम खेचतो, घोडा शहाण्या विद्यार्थ्यासारखा वेग वाढवतो, आणि आपण त्याला मुजोर ठरवतो! दुसरी शक्यता दातांची. दाढांपुढचा छोटा लांडगेदात बिटाला लागत असेल किंवा दाढांच्या कडा धारदार झाल्या असतील, तर घोडा वेदनेपासून दूर पळतो, म्हणजे पुढेच. असा घोडा आधी दातांच्या वैद्याला दाखवावा, बिटाचं नंतर बघू.

स्नॅफल हे सर्वांत साधं बिट. दोन कड्या आणि मधे दांडी. पण साधेपणातही खाचाखोचा आहेत. एका सांध्याची दांडी ओढली की अडकित्त्यासारखी मिटते. दोन सांधे असले तर ती जिभेवरून वळून बसते. जाड दांडी सौम्य, असं सर्रास सांगितलं जातं आणि ते अर्धंच खरं आहे. मांसल जीभ आणि बुटकी टाळू असलेल्या घोड्याच्या तोंडात जाड पोलादाला जागाच नसते, तो जबडा वासून त्यातून सुटायला बघतो.

प्राचीन ग्रीक लेखक झेनोफननं घोडेस्वारीवरच्या आपल्या ग्रंथात निदान दोन बिटं बाळगा असं सांगितलंय, एक गुळगुळीत आणि एक खरखरीत काट्यांचं. काट्यांचं बिट तालमीपुरतं. त्यातून सुटका झाली की घोडा गुळगुळीत बिट आनंदानं स्वीकारतो, हा त्याचा हिशोब. चोवीसएक शतकांपूर्वीच्या या माणसाला लवचिक बिट ताठ बिटापेक्षा चांगलं हेही ठाऊक होतं.

काटेरी लगाम आपल्याकडेही होते, आणि त्यांना सरसकट क्रूर म्हणताना मी जरा थबकतो. डिसेंबर १७३७मध्ये बाजीरावानं निजामाला याच भोपाळात कोंडलं आणि जानेवारी १७३८मध्ये दोराहा सराईला तहावर आणलं. अशा फौजेतल्या स्वाराच्या एका हातात भाला, लगामाला उरलेला हात एकच. एका बोटाच्या इशाऱ्याला घोडा फिरला नाही तर मरण. आजच्या स्वाराला दोन्ही हात मोकळे आहेत. त्याला हे निमित्त नाही.

दोन्ही हातांनी चार वाद्या सांभाळता येतात, म्हणून जोरदार घोड्यासाठी माझी पसंती पेलहॅम या बिटाला. दांडी एक, वाद्या चार. वरच्या वाद्या स्नॅफलसारख्या थेट काम करतात. खालच्या वाद्या तरफेच्या टोकाला असतात, त्या ओढल्या की साखळी हनुवटीखाली आवळते आणि डोक्यामागे दाब येतो. तरफ लांब तितका जोर मोठा. ड्रेसाजच्या दुहेरी लगामातल्या कर्ब बिटाची तरफ आंतरराष्ट्रीय नियमांत तोंडातल्या दांडीखाली १० सेंटीमीटरवर अडवलीय ती याचसाठी. पेलहॅमची खुमारी अशी की खालच्या वाद्या गरजेपुरत्या वापरून सोडता येतात. किंबलविक बिटात वाद्यांची एकच जोडी, त्यामुळे ही निवड हरवते. गॅग बिट तर मला मुळीच पटत नाही, त्यात दोन उलटे दाब एकदम येतात. डोक्यामागचा दाब घोड्याला मान खाली घालायला सांगतो, ओठांच्या कडेचा दाब वर उचलायला.

आंतरराष्ट्रीय इव्हेंटिंगच्या दोन तारांकित क्रॉस कंट्रीत मिनिटाला ५२० मीटरचा वेग लागतो. उतारावरून अशा वेगात येणाऱ्या घोड्याला स्नॅफलनं करवतीसारखं डावं-उजवं ओढणारा स्वार दिसला की लोक त्याला घोड्याचा कैवारी समजतात. त्याच उतारावर पेलहॅम घेतलेला दुसरा स्वार खालच्या वाद्या क्षणभर आवळतो आणि घोड्याची मागची पावलं पोटाखाली आली की लगेच सोडतो. त्याच्या घोड्याचे कान पुढच्या अडथळ्याकडे लागलेले असतात. क्रॉस कंट्रीला पेलहॅम घेऊन शो जंपिंगला पुन्हा स्नॅफलवर येणारा स्वार दिसला, तर माझी नजर पहिल्या दांडीच्या आधीच्या तीन ढांगांवर असते.