गर्भातील स्वगत : एका वाङ्मयसंकेताचा विचार

गेल्या तीस-चाळीस वर्षांत मराठीत एक नवा वाङ्मयसंकेत रूढ झाला आहे. त्यास आम्ही ‘गर्भातील स्वगत’ असे म्हणतो. जन्मास न आलेली मुलगी आईशी बोलते, आपणास जगू द्यावे अशी विनवणी करते, आणि बहुधा शेवटच्या कडव्यात तिचा आवाज थांबतो. शाळांची स्नेहसंमेलने, वक्तृत्वस्पर्धा, हौशी एकांकिका, पथनाट्ये आणि भिंतींवरील घोषणा यांतून हा संकेत इतका परिचित झाला आहे की, कोणाही शिक्षकास त्याचे उदाहरण देण्याची आवश्यकता नाही. लोकजागृतीचे साधन म्हणून त्याने काही काम केले, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु साधन म्हणून उपयोगी पडणे आणि सत्य सांगणे या दोन भिन्न गोष्टी होत. शिवाय आता अपत्याचे लिंग गर्भधारणेपूर्वीच, प्रयोगशाळेत, निवडता येते. अशा वेळी हा संकेत टिकतो काय, हा प्रश्न केवळ वैद्यकाचा नाही. तो आमच्या मते वाङ्मयाचाही आहे.

पुत्राची इच्छा जुनी आहे हे सांगावयास नको. तथापि जुने ग्रंथ आपण समजतो तितके एकसुरी नाहीत. बृहदारण्यकोपनिषदाच्या अखेरच्या अध्यायात निरनिराळ्या गुणांच्या पुत्रांसाठी निरनिराळे भात सांगितले आहेत. परंतु त्याच ओघात पंडिता कन्या व्हावी अशी इच्छा धरणाऱ्या दांपत्यासाठी तीळमिश्रित भात तुपासह खाण्याचाही विधी आहे. मूळ ग्रंथ येथे उदार आहे. आकुंचन आले ते भाष्यात. वेदाचा अधिकार नसल्याने या कन्येचे पांडित्य गृहकृत्यांपुरतेच समजावे, असा अर्थ शंकराचार्यांनी लावला. चरकसंहितेच्या शारीरस्थानात पुंसवनाचा विधी येतो. गोठ्यातील वडाचे कोंब दह्यात घालून पुष्य नक्षत्रावर प्यावेत, आणि हे सर्व गर्भाचे लिंग व्यक्त होण्यापूर्वी करावे, असे तेथे सांगितले आहे. म्हणजे लिंग ‘ठरण्यापूर्वी’ हस्तक्षेप करण्याची कल्पना नवी नव्हे. नवे आहे ते त्या हस्तक्षेपाचे हमखास यश.

हे अंतर मोठे आहे. महाभारतातील द्रुपदाने द्रोणाचा वध करील असा पुत्र मागितला. यज्ञातून धृष्टद्युम्न आला, परंतु त्याच्यामागोमाग वेदीतून, न मागितलेली, कृष्णाही आली. आणि पुढील कथा त्या न मागितलेल्या कन्येभोवतीच फिरली. याच द्रुपदाला शिखंडी कन्यारूपाने झाला, तेव्हा त्याने नगरास पुत्रजन्माची वार्ता दिली. व्यासांना हा राजा पूर्ण कळला होता. मागणे मागता येते, परंतु दान देणाऱ्याचा हात धरता येत नाही, या एका गोष्टीवर त्या आख्यानाचे सारे नाट्य उभे आहे.

आपल्या लोकजीवनातही तेच दिसते. नवस बोलणे, गोमंतकात देवास प्रसाद लावणे, कोकणात कौल मागणे या सर्वांत विचारणारा कितीही आतुर असला तरी उत्तर त्याच्या मुठीत नसते. जात्यावरच्या ओव्यांत स्त्रीजन्म देऊ नको असे देवास सांगणारी माउली भेटते, आणि सासरी गेलेल्या लेकीची वाट पाहताना तिचाच कंठ दाटतो. नको म्हटलेली लेक आली, वाढली, आणि तिच्यावर ओवी झाली. एवढेच नव्हे, तर ‘नकोशी’ हे नाव ठेवण्याइतका निष्ठुरपणाही मुलगी आल्यावरच संभवतो. सातारा जिल्ह्यात २०११ मध्ये अशा अडीचशेहून अधिक मुलींना नवी नावे देण्यात आली. ते कार्य योग्यच होते. परंतु ज्या घरात निवड पूर्ण यशस्वी होते, त्या घरात नकोशी नावाची मुलगी नसते. तेथे पुसून टाकावयाचे नावही उरत नाही.

आधुनिक मराठी गद्याच्या आरंभकाळातही बालहत्येचा प्रश्न उभा होता, हे येथे आठवणे अगत्याचे आहे. जोतीराव फुल्यांनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. सुरतेकडील एका तरुण ब्राह्मण विधवेस अर्भकहत्येबद्दल १८८१ मध्ये प्रथम फाशीची शिक्षा झाली, ती पुढे सौम्य करण्यात आली. आणि त्या निमित्ताने स्त्रीजातीवर जी आग पाखडली गेली तिला उत्तर म्हणून ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये ‘स्त्रीपुरुष तुलना’ प्रसिद्ध केली. या पुस्तकाचे बळ कशात आहे? ताराबाईंनी मृत अर्भकाच्या तोंडी भाषण घातले नाही. त्यांनी न्याय देणाऱ्यांनाच साक्षीस उभे केले आणि त्यांची उलटतपासणी केली. पुढे १९६७ मध्ये रंगभूमीवर आलेल्या विजय तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ या नाटकात हीच दृष्टी वेगळ्या रूपाने येते. बेणारेबाईंवर भ्रूणहत्येचा आरोप ठेवणारे खेळातले न्यायालय अखेरीस तिच्या पोटातील गर्भ नष्ट करण्याचीच शिक्षा फर्मावते. तेथेही प्रेक्षकाची नजर गर्भाकडे नाही. ती सभ्य, सुशिक्षित न्यायाधीशांच्या चेहऱ्यांकडे वळविली आहे.

ही परंपरा हाती असताना आपण स्वगताकडे का वळलो? त्याचे कारण काळात आहे. गर्भजलपरीक्षेचा उपयोग लिंग जाणण्यासाठी होऊ लागला, आणि १९८०नंतरच्या दशकात मुंबईत त्याविरुद्ध संघटित चळवळ उभी राहिली. ज्योती म्हापसेकर यांचे ‘मुलगी झाली हो’ हे नाटक १९८३चे. त्याच्या नावातच मुलगी जन्मली असे गृहीत आहे. जन्मानंतरच्या अन्यायाविषयी ते बोलते. पुढील काळाला न जन्मलेल्या मुलीविषयी बोलणे भाग पडले. महाराष्ट्राने १९८८ मध्ये देशात पहिला कायदा केला. परंतु तो राज्याच्या सीमेपाशी थांबत होता. बेळगाव, गोवा, इंदूर, बडोदे येथील मराठी कुटुंबे त्याच्या कक्षेबाहेर होती, आणि कोल्हापुराहून बेळगाव कितीसे दूर? देशव्यापी कायदा १९९४ मध्ये झाला व १ जानेवारी १९९६ पासून अमलात आला. तरीही महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलांमागे मुलींची संख्या १९९१ मध्ये ९४६, २००१ मध्ये ९१३ आणि २०११ मध्ये ८९४ अशी उतरत गेली. या आकड्यांसमोर करुणरसाचा आश्रय घ्यावासा वाटणे स्वाभाविक होते.

परंतु त्या करुणरसात आम्हांस तीन दोष दिसतात. पहिला दोष असा की, या स्वगतातील मुलगी आपल्या जगण्याचे समर्थन उपयुक्ततेने करते. मी सावित्रीबाई होईन, मी कल्पना चावला होईन, म्हातारपणी तुमचा आधार होईन, अशी ती हमी देते. गर्भातील मुलाला अशी हमी कोणी मागितली आहे काय? सामान्य, मंद, हट्टी मुलीनेही जन्मावे, हे ज्या कवितेला म्हणता येत नाही ती कविता प्रतिपक्षाचेच गणित मान्य करते. मुली संपल्या तर मुलांना बायका कोठून मिळतील, ही घोषणा त्याच जातीची. तीत मुलगी ही एक तरतूद ठरते. दुसरा दोष असा की, विनवणी नेहमी आईलाच असते. पिता, आजी, आजोबा, शेताची वाटणी, हुंडा, आणि फी घेणारा डॉक्टर हे सर्व पडद्याआड राहतात, आणि जिचा निर्णय बहुधा सर्वांत कमी असतो तीच आरोपी होते. तिसरा दोष गंभीर आहे. गर्भास प्रौढ वाणी दिली की प्रत्येक गर्भपात हा खून ठरतो, आणि १९७१च्या कायद्याने स्त्रीला जी सुटका दिली तीच संशयास्पद होते. याच कारणाने स्त्रीचळवळीतील अनेक विचारी मंडळींनी ‘स्त्रीभ्रूणहत्या’ हा शब्द टाळून ‘लिंगनिवड’ हा शब्द वापरावा असा आग्रह धरला. शब्द बदलला की अपराधाचे स्थानही बदलते: तो गर्भाशयातून निवडणाऱ्याच्या मनात येतो.

आणि नव्या तंत्राने तर हा संकेत मुळापासूनच निराधार केला आहे. स्त्रीबीज व शुक्रजंतू यांचा संयोग शरीराबाहेर घडवून, काही दिवस वाढविलेल्या भ्रूणांतून काही पेशी तपासावयाच्या आणि हवा तेवढाच भ्रूण गर्भाशयात ठेवावयाचा, अशी ही रीत आहे. दुसऱ्या रीतीत शुक्रजंतूच वेगळे करतात. ‘एक्स’ धारण करणाऱ्या जंतूत ‘वाय’ धारण करणाऱ्यापेक्षा सुमारे २.८ टक्के अधिक जनुकद्रव्य असते, त्या फरकाचा उपयोग केला जातो. येथे वाढलेला गर्भ नाही, गर्भपात नाही, रात्री चोरून जाणे नाही. स्वगत कोणी बोलावे? काचेच्या बशीतील आठ पेशींना वाणी दिली तर ते काव्य हास्यास्पद होईल. म्हणजे ज्या क्षणी निवड सर्वांत पूर्ण झाली, त्याच क्षणी आपल्या वाङ्मयाजवळ शब्द उरला नाही.

येथे एक गोष्ट न्यायबुद्धीने सांगितली पाहिजे. हे तंत्र जन्मतःच पापी नव्हे. शरीराबाहेरील गर्भधारणेतून जगात प्रथम जन्मलेले अपत्य, १९७८ मधील लुईज ब्राऊन, ही मुलगी होती. त्याच वर्षी कलकत्त्यास डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नाने जन्मलेली आणि १९८६ मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात जन्मलेली, याही मुलीच. लंडनमध्ये १९९० मध्ये भ्रूणाची पेशी तपासून लिंगनिवड प्रथम झाली तीही मुलींच्या बाजूने. कारण त्या कुटुंबांतील आनुवंशिक रोग मुलग्यांना ग्रासणारे होते. आपल्या कायद्यानेही हा भेद राखला आहे. २००३ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीने गर्भधारणेपूर्वीची लिंगनिवड निषिद्ध झाली, आणि २०२१च्या साहाय्यित प्रजनन तंत्रज्ञानाच्या कायद्यानेही लिंगाशी निगडित रोग टाळण्याखेरीज तिला मज्जाव केला आहे.

मग निवडणारा काय म्हणतो? त्याचे म्हणणे आपल्या वाङ्मयात नाही, पण न्यायालयाच्या दप्तरात आहे. मुंबई उच्च न्यायालयासमोर दोन मुली असलेल्या एका दांपत्याने हा कायदा घटनाविरोधी आहे असा अर्ज केला होता. २००७ मध्ये तो फेटाळला गेला. आधीच्या अपत्याहून भिन्न लिंगाचे अपत्य निवडण्याची मुभा विवाहित दांपत्यास असावी, असा त्यांचा युक्तिवाद होता. त्यात मुलीविषयी एकही कठोर शब्द येण्याचे कारण नव्हते, आणि हेच त्याचे वैशिष्ट्य आहे. ‘वंशाचा दिवा’ जाऊन त्याच्या जागी ‘कुटुंबाचा समतोल’ आला. ‘वंशाचा दिवा’ या शब्दात निदान अभिलाषा उघडी होती. ‘समतोल’ हा तराजूचा, निःपक्षपाती, जवळजवळ न्यायाचा शब्द आहे. दोन मुलगे असलेल्या घराचे पारडे झुकले आहे असे आपल्याकडे किती वेळा ऐकू येते, हे वाचकांनीच आठवावे.

यावर एक सबळ आक्षेप येईल. जेथे मुलगा व मुलगी सारख्याच आवडीने निवडले जातात तेथे काय बिघडले? अमेरिकेत संघराज्याच्या कायद्याने अशी निवड निषिद्ध नाही, आणि तेथे मुलीसाठीही ती केली जाते. आक्षेप पोकळ नाही, परंतु अपुरा आहे. वंध्यत्व नसलेल्या स्त्रीने केवळ लिंगासाठी दिवसेंदिवस टोचून घ्यावयाचे, भूल घेऊन बीजे काढू द्यावयाची, ही किंमत कोण देते? आणि शेजारच्या खोलीत अभ्यास करीत बसलेल्या, आईबाप वारंवार कोठे जातात हे न विचारताही समजणाऱ्या, त्या दोन मुलींचे काय? त्या जिवंत आहेत, त्यांना वाणी आहे, आणि तरीही त्यांचे स्वगत मराठीत आम्हांस कोठे आढळत नाही. तसेच, निवडून आणलेल्या मुलाचे. ज्याला अपेक्षेच्या बरहुकूम जन्मावे लागले, त्याला अपेक्षेच्या बाहेर जगण्यास किती जागा मिळेल? द्रुपदाच्या घरात कृष्णेला जागा होती, कारण ती यज्ञाच्या हिशेबात नव्हती.

आमचे म्हणणे एवढेच की, या विषयाचे खरे वाङ्मय निवडणाऱ्याच्या दिवाणखान्यात आहे. तो क्रूर नाही. मुलींवर प्रेम करणारा, ग्रंथालयाचा वर्गणीदार, कदाचित व्याख्यानमालेचा कार्यवाहही असेल. त्याचे सौम्य वाक्य जसेच्या तसे ऐकून लिहिणे हे गर्भाला रडविण्यापेक्षा पुष्कळ कठीण आहे; परंतु ताराबाईंनी ते काम एकदा केले आहे, म्हणजे ते मराठीस अशक्य नाही. अध्यापकांना आमची एक विनंती आहे. यापुढे या विषयावर निबंध वा नाट्यछटा लिहावयास सांगाल, तेव्हा वक्ता बदलून पाहा. न जन्मलेल्या मुलीऐवजी तिच्या थोरल्या बहिणीस, बापास, आजीस किंवा तपासणीच्या खोलीबाहेर बसलेल्या परिचारिकेस बोलू द्या. अश्रू कदाचित कमी येतील. परंतु विद्यार्थ्यांना आपल्या घरातील बोलणे प्रथमच ऐकू येईल.