कर्ज कुणाच्या डोक्यावर? : ‘शेतकऱ्याचा असूड’ आज वाचताना

दरवर्षी मार्चमध्ये राज्याचा अर्थसंकल्प येतो आणि दुसऱ्या दिवशी एक बातमी हमखास छापून येते. महाराष्ट्रावर एवढे लाख कोटींचं कर्ज, म्हणजे प्रत्येकाच्या डोक्यावर एवढे हजार. मग तिचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपच्या स्टेटसला लागतो. आज जन्मलेलं बाळही कर्जबाजारी, असा विनोद होतो. बातमीतला भागाकार बरोबर असतो. मी पोटापाण्यासाठी कोड लिहितो, त्यामुळे उत्तर बरोबर आणि अर्थ चुकीचा, हा प्रकार चांगलाच ओळखीचा आहे. अशी सरासरी काढली की मुंबईतला बिल्डर आणि वडवणीतली ऊसतोड करणारी बाई एकाच रकमेचे देणेकरी ठरतात. सरकारी कर्ज असं समान वाटून कधीच फेडलं जात नाही. ते कुणाच्या तरी ताटातून जास्त फिटतं, आणि कुणाच्या तरी घरात त्याचं व्याज येतं.

हा भागाकार मोडणारं पुस्तक मराठीत १८८३ सालीच लिहून झालं होतं. जोतीराव फुल्यांचा ‘शेतकऱ्याचा असूड’.

आपल्याला हे पुस्तक बहुतेक वेळा सुरुवातीच्या चार-पाच ओळींपुरतं माहीत असतं. त्या ओळी शाळेच्या भिंतीवर असतात, जयंतीच्या बॅनरवर असतात. ज्यांनी पुढची पानं उलटली त्यांना ते भटशाहीवरचं पुस्तक म्हणून आठवतं. दोन्ही वाचनं खरी आहेत, पण तेवढ्यावर थांबलं तर पुस्तकाचा मोठा भाग हातातून सुटतो. असूड हे सरकारी पैशाबद्दलचं पुस्तक आहे. दर तीस वर्षांनी होणारी जमिनीची पाहणी आणि तिच्यासोबत वाढणारा सारा, शहरात भाजी आणताना भरावी लागणारी जकात, कोर्टकचेरीचा खर्च, गोऱ्या आणि काळ्या सरकारी नोकरांचे पगार, पेन्शनी. फुले एकेक रक्कम उचलतात आणि ती शेवटी कुणाच्या खळ्यावरून निघते ते दाखवतात.

या यादीत कालव्यांचा मजकूर येतो, तो आज सगळ्यांत जास्त बोलतो. फुल्यांचा आरोप साधा आहे. सरकार आपल्याच गोऱ्या सावकारांकडून कर्ज काढतं, त्या पैशातून कालवे बांधतं आणि त्यांचं व्याज पाणीपट्टीच्या रूपाने शेतकऱ्याकडून काढून घेतं. पाणी वेळेवर आणि हिशोबाने मिळतं की नाही, याची फिकीर कुणाला नसते. सार्वजनिक कर्जावरची ही अगदी नेमकी टीका आहे. कालवा नको, असं ते म्हणत नाहीत; उलट पुस्तकाच्या पाचव्या भागात तेच तळी-बंधारे बांधा म्हणून सांगतात. कर्ज काढणारा, कर्ज देणारा आणि कर्ज फेडणारा हे तिघं वेगवेगळे आहेत आणि पहिले दोघं एकमेकांचे सोयरे आहेत, एवढंच त्यांचं म्हणणं आहे. फुले स्वतः सरकारी बांधकामांचे कंत्राटदार होते, मांजरीला त्यांची शेती होती, पुणे नगरपालिकेवर त्यांनी काही वर्षं सदस्य म्हणून काम केलं होतं. सरकारी पैसा कसा फिरतो, हे त्यांनी आतून पाहिलेलं होतं.

त्या काळातले मोठे आकडे पाहिले की या आरोपाचं वजन कळतं. रेल्वेच्या विलायती कंपन्यांना भांडवलावर ५ टक्क्यांची हमी होती. नफा झाला तर त्यांचा, कमी पडला तर हिंदुस्थानच्या तिजोरीतून भरपाई. १८५७चं बंड मोडण्याचा खर्च हिंदुस्थानच्याच कर्जात मांडला गेला. कंपनी सरकार गेलं तरी तिच्या भागधारकांना लाभांश आपल्या महसुलातून १८७४ पर्यंत मिळत राहिला. असूड लिहिला जात होता त्याच काळात, १८८२ साली, इंग्रजांनी कर्जात बुडालेला इजिप्त ताब्यात घेतला. त्या मोहिमेत हिंदी पलटणी होत्या आणि खर्चाचा काही भाग आपल्या तिजोरीवर टाकला गेला. म्हणजे हवेली तालुक्यातल्या कुणब्याने भरलेल्या साऱ्यातला काही हिस्सा नाईलकाठच्या कुणब्याकडून वसुली करायला गेला.

इथे दादाभाई नौरोजी आठवणारच. इंग्लंडच हिंदुस्थानचं देणं लागतं, हा मुद्दा ते १८६७ पासून मांडत होते आणि देशातून किती संपत्ती बाहेर जाते, याचा हिशोब त्यांनी चिकाटीने केला. पण दादाभाईंच्या हिशोबात एका बाजूला इंग्लंड आहे आणि दुसऱ्या बाजूला हिंदुस्थान. फुल्यांच्या हिशोबात हिंदुस्थान नावाचं एकच खातं नाही. गळती देशाच्या सीमेवर जशी होते तशी मामलेदार कचेरीतही होते, असं ते सांगतात. दोन्ही हिशोब लागतात. मात्र अभ्यासक्रमात दादाभाई अर्थशास्त्रात गेले आणि फुले समाजसुधारणेत. या वाटणीने असुडाचं मोठं नुकसान केलं.

पुस्तकात दोष नाहीत असं नाही. फुल्यांना हाताशी दिसणारा माणूस भट कामगार आहे, म्हणून पुष्कळदा धोरणाचा दोषही त्याच्याच माथी जातो आणि लंडनमध्ये बसलेला रोखेधारक मधेच धूसर होतो. आर्यांच्या इतिहासाचा लांबलचक भाग वाचताना हिशोबाचा धागा सुटतो. आणि ज्या सरकारला फटके मारायचे, त्याच्याच न्यायबुद्धीवर ते विश्वासही टाकतात. तरीही कलेक्टरच्या तळावरून रिकाम्या हाताने परतणारा शेतकरी आणि त्याच्या घराचं चौथ्या भागातलं वर्णन वाचलं की हे दोष मागे पडतात. तिथे आकडे संपून घर सुरू होतं, आणि आधी सांगितलेली प्रत्येक रक्कम त्या घरात कुठे ना कुठे कमी पडलेली दिसते.

पुढच्या मराठी साहित्याने यातलं घर उचललं आणि हिशोब सोडून दिला, अशी माझी तक्रार आहे. भास्कर चंदनशिव यांची ‘लाल चिखल’ शाळेच्या पुस्तकात होती. भाव पडल्यावर बाजारात टोमॅटो तुडवणारा बाप ती वाचलेल्या कुणाच्याही डोक्यातून जात नाही. सदानंद देशमुखांच्या ‘बारोमास’मधला शिकलेला, बेकार एकनाथ आमच्या गावातल्या निम्म्या पोरांसारखा आहे. ही मोठी पुस्तकं आहेत. पण त्यांत कर्ज पावसासारखं येतं. भाव पडतो, बँक दारात येते, घर मोडतं. भाव कुठे ठरला आणि का, हे उंबऱ्याबाहेरच राहतं. शरद जोशींनी हा प्रश्न आंदोलनात आणि लेखनात लावून धरला, शेतकऱ्याचं कर्ज हे सरकारी धोरणाचं अपत्य आहे असं मांडलं, आणि ‘शेतकऱ्याचा असूड : शतकाचा मुजरा’ लिहून फुल्यांशी नातंही सांगितलं. कथा-कादंबरीने मात्र ती वाट फारशी धरली नाही.

बीडमधून वाचणाऱ्याला याची चुटपुट जास्त लागते. आपला जिल्हा फुल्यांच्या इंग्रजी मुलखात नव्हता, निजामाकडे होता. पण इथेही राज्याचं कर्ज लोकांच्या अंगावरून गेलं. निजाम सरकार एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला हैदराबादच्या पामर पेढीकडून चोवीस-पंचवीस टक्के व्याजाने पैसे उचलत होतं आणि त्याच्या खर्चातला मोठा वाटा इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालच्या फौजेचा होता. १८१८ साली बीडमध्ये धर्माजी प्रतापरावांनी बंड केलं, ते मोडायला आलेल्या तुकडीवर इंग्रज अधिकारीच होता. पुढे फौजेच्या थकबाकीपोटी १८५३ साली वऱ्हाड, रायचूर दुआब आणि आपल्या शेजारचा धाराशिव भाग इंग्रजांकडे गेला. धाराशिव आणि रायचूर १८६० साली परत आले, वऱ्हाड आलंच नाही. शेत गहाण पडतं हे आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलोय. इथे अख्खे जिल्हे गहाण पडले, आणि तिथल्या रयतेची सही कुणी घेतली नाही.

आजची साखळी पाहा. सहकारी साखर कारखाना बँकेकडून साखर तारण ठेवून कर्ज काढतो. अनेकदा राज्य सरकार त्या कर्जाला थकहमी देतं, म्हणजे कारखाना बुडाला तर भरपाई तिजोरीतून. हंगामाआधी कारखान्याकडून पैसा मुकादमाकडे येतो आणि मुकादमाकडून केज, धारूर, पाटोद्याच्या वस्तीवर नवरा-बायकोच्या जोडीला उचल म्हणून मिळतो. जोडीला ‘एक कोयता’ म्हणतात. हंगामात आजारपण आलं, पाऊस आला, उचल फिटली नाही, तर बाकी पुढच्या वर्षीच्या उचलीत धरली जाते. आता साखळीत हमी कुणाला आहे ते मोजा. बँकेला कारखान्याची, कारखान्याला सरकारची, मुकादमाला कोयत्याच्या अंगमेहनतीची. कोयत्याला कुणाचीच नाही. २०१९ साली बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न विधिमंडळात गेला, तेव्हा ‘खाडा’ हा शब्द शहरातल्या वर्तमानपत्रांत पहिल्यांदा नीट छापून आला. एक दिवस कामावर गेलं नाही की दंड. पाळीचे दिवसही खाड्यात. साखळीच्या वरच्या टोकाला असलेली जोखीम घरंगळत येऊन एका बाईच्या पोटात थांबली होती.

रेल्वे कंपनीची ५ टक्क्यांची हमी आणि आजची थकहमी यांत फरक पुष्कळ आहेत. आजचं सरकार आपण निवडलेलं आहे, कारखान्याचे सभासद आपलेच लोक आहेत, साखरेमुळे गावं उभीही राहिली. पण फुल्यांनी घातलेली रीत इथे जशीच्या तशी लागू पडते: हमी वर, भार खाली.

ही रीत एकट्या महाराष्ट्राची नाही. श्रीलंकेने एप्रिल २०२२ मध्ये परदेशी कर्ज फेडणं थांबवलं. आपण तेव्हा राष्ट्राध्यक्षांच्या तरणतलावात उड्या मारणाऱ्या पोरांचे व्हिडिओ पाहिले आणि विसरलो. खरी गोष्ट पुढच्या वर्षी घडली. देशांतर्गत कर्जाची फेररचना करताना बँकांना वगळलं गेलं आणि कामगारांच्या भविष्य निर्वाह निधीतल्या रोख्यांवरचं व्याज कमी केलं गेलं. बँका बुडाल्या तर सगळंच बुडेल, हे सरकारचं कारण खोटं नव्हतं. तरी कपड्यांच्या कारखान्यात शिवणकाम करणाऱ्या बाईच्या म्हातारपणाच्या पैशातून ‘देशाचं’ कर्ज सावरलं गेलं, हेही तितकंच खरं. बातमीत मात्र ‘श्रीलंका सावरली’ एवढंच आलं.

देश, राज्य, जिल्हा ही कर्जाच्या वाक्यांतली फसवी नावं आहेत. फुल्यांचा असूड त्या नावांवरही पडतो. म्हणून पुढच्या मार्चमध्ये दरडोई कर्जाची बातमी आली की तीन गोष्टी विचाराव्यात: हे कर्ज कुणी काढलं, हमी कुणाला मिळाली, आणि हप्ता कुणाच्या घरातून जाणार. आणि एखाद्या लिहित्या पोराने किंवा पोरीने थकहमीच्या कागदापासून कोयत्यापर्यंत सरळ उतरत येणारी कादंबरी लिहावी. मराठीत ती जागा रिकामी आहे.

तोवर असूड आहेच. ‘दीनबंधू’ने १८८३ साली त्याचे पहिले दोन भाग छापले आणि पुढचे छापायचं थांबवलं, तेव्हा फुले भयंकर चिडले होते. आज फुल्यांचं समग्र वाङ्मय फोनवर फुकट उघडतं. प्रस्तावनेनंतर थांबू नका. दुसऱ्या भागापासून वाचायला घ्या, आणि शेजारी कागद-पेन ठेवा. बेरजा कराव्या लागतात.