‘समाजस्वास्थ्य’चा खटला : एक उपेक्षित अंग

रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ मध्ये सुरू केलेले ‘समाजस्वास्थ्य’ मासिक १९५३ पर्यंत, म्हणजे त्यांच्या निधनापर्यंत, चालले. त्याचा गौरव बहुधा संततिनियमनाच्या प्रचारापुरता केला जातो. परंतु त्याची खरी कसोटी लागली ती १९३४ च्या अश्लीलतेच्या खटल्यात. वाचकांच्या लैंगिक शंकांना, त्यांत समलिंगी संबंधांविषयीच्याही, दिलेली उत्तरे हा तेथे आक्षेपाचा विषय होता. बचावार्थ उभे राहिलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची भूमिका अशी की, लेखन केवळ लैंगिक विषयामुळे अश्लील ठरत नाही. तरीही कर्व्यांना दंड झाला.

उत्तर कोणतेही असो, प्रश्नच विचारला जाऊ नये, हा सनातनी आग्रह पुढेही टिकला. १९९८ मध्ये दोन स्त्रियांच्या प्रेमावरील ‘फायर’ हा चित्रपट सेन्सॉरसंमत असूनही मुंबईत शिवसैनिकांनी त्याचे खेळ बंद पाडले. नायिकांची राधा व सीता ही नावे धर्मभावनेस आक्षेपार्ह ठरविली गेली. न्यायालयाने निदान बचाव ऐकला होता. जमाव तेवढेही करीत नाही.

१७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहास मान्यता नाकारून तो प्रश्न विधिमंडळाच्या कक्षेतील मानला. त्या निर्णयाविषयी मतभेद संभवतात. परंतु निर्णय विधिमंडळाने करावयाचा तर विषय निर्भयपणे उच्चारण्याची मुभा आधी हवी. कर्व्यांच्या कार्याचे हे अंग वगळणारी समीक्षा त्यांना झालेल्या दंडाचीच पुनरावृत्ती करते.