नाममुद्रा आणि विकेंद्रित नावाचा प्रश्न

मध्ययुगीन मराठी काव्यात कवींच्या नावांची नोंद ठेवणारे कोणतेही मध्यवर्ती पीठ नव्हते. अभंगाच्या अखेरच्या चरणातील नाममुद्रा हीच कर्तृत्वाची खूण, आणि ती कोणासही वापरता येत असे. परिणामी नामदेवांच्या (१२७०–१३५०) गाथेत सोळाव्या शतकातील विष्णुदास नामा या कवीच्या रचना मिसळल्या. त्या वेगळ्या काढण्याचे काम निर्विवादपणे कधीच पूर्ण झाले नाही. याउलट १६०४ मध्ये गुरू अर्जनदेवांनी आदिग्रंथ सिद्ध केला, तेव्हा त्यातील नामदेवांची ६१ पदे निश्चित झाली. नावाला एकमेवता लाभते ती अशा संपादकीय अधिकारामुळे. नावाच्या अंगी ती मुळात नसते.

या प्रश्नाची आधुनिक चर्चा पुण्यात घडली. १८९८ च्या सुमारास 'सुधारक' पत्रातून शिवराम एकनाथ भारदे यांनी ज्ञानेश्वरीकार आणि अभंगकार ज्ञानदेव भिन्न असल्याचा पक्ष मांडला. पुढील बहुतेक अभ्यासकांनी तो अमान्य केला. तथापि नाव एक म्हणून व्यक्ती एक, या गृहीतकाची चिकित्सा त्यामुळे अटळ झाली. भारदे यांनी हे लेखन स्वतः 'भारद्वाज' या टोपणनावाने केले, ही गोष्टही मोठी मार्मिक आहे.

२०१६ मध्ये सुरू झालेल्या मॅस्टोडॉन या विकेंद्रित समाजमाध्यमाने हा पेच पत्त्याच्या साहाय्याने सोडविला. तेथे अनेक सर्व्हर स्वतंत्रपणे चालतात. नाव केवळ आपल्या सर्व्हरपुरते एकमेव असते. पूर्ण ओळख म्हणजे नाव आणि सर्व्हर. त्यामुळे एकाच नावाच्या दोन व्यक्ती दोन ठिकाणी सुखाने नांदतात. 'नामयाची जनी' ही जनाबाईची मुद्रा या रचनेशी विलक्षण जुळते : स्वतःचे नाव आणि आश्रयाचे घर.

या रचनेचा वापरकर्त्याचे स्वातंत्र्य म्हणून जो गौरव केला जातो, तो मात्र अपुरा वाटतो. जनीच्या मुद्रेत घरधनी आधी येतो, जनी नंतर. नामदेवगाथेच्या छापील आवृत्त्यांत समाविष्ट झाल्याने तिचे अभंग वाचकांपर्यंत पोहोचले, हे खरे. परंतु त्याच कारणाने ती दीर्घकाळ नामदेवांच्या परिवारातील एक म्हणून वाचली गेली. मॅस्टोडॉनवर आश्रय अधिकच तात्पुरता असतो. सर्व्हर बदलताना अनुयायी सोबत नेता येतात, पूर्वीचे लेखन नेता येत नाही. आणि चालकाने सर्व्हर बंद केल्यास त्यावरील पत्ताही नाहीसा होतो.